खांबावरची पेटी खाली सरकतेय: क्लॅम्प, पट्टी की आरपार बोल्ट?

मधलाफेज (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

आमच्या आवारात सिमेंटचा पीएससी (आत ताणलेल्या पोलादी तारांचा) खांब आहे, चौकोनी आणि वर निमुळता होत जाणारा. त्यावर साधारण 3 मीटर उंचीवर दिव्यांच्या नियंत्रणाची लोखंडी पेटी बसवून घेतली. आतल्या मालासकट वजन 40 किलो. पेटीच्या पाठीला दोन आडव्या पट्ट्या वेल्ड केल्यात, एकमेकींपासून 250 मिमीवर. प्रत्येक पट्टीला दोन तुकड्यांचा क्लॅम्प आहे, दोन्ही तुकड्यांना बाहेर काढलेले कान आणि कानांतून एम-12 चे बोल्ट. बसवताना मी स्वतः खाली उभा होतो. फिटरला म्हटलं, अजून एक आटा मार. त्याने मारला.

या गोष्टीला सहा महिने झाले. गेल्या आठवड्यात सहज मान वर केली तर पेटी चार बोटं खाली आलेली आणि उजवीकडे कललेली. केबल ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते ती घट्ट बूच-जोडणी) केबल ओढली गेली आहे. लगेच पुरवठा बंद करून शिडी लावली आणि नट तपासले. एकही ढिला नाही! पान्याने हलायला तयार नाही. नट घट्ट आहेत तर पेटी सरकली कशी?

डोक्यात तीन पर्याय आहेत. खांबाला आरपार भोक पाडून जाड बोल्ट टाकणे, क्लॅम्प काढून स्टेनलेसची पट्टी आवळणे, किंवा यू-बोल्ट. काय करू?

कप्पीवाला

आरपार भोकाचं नावसुद्धा काढू नका.

पीएससी खांबात पोलादी तारा आधी ताणून धरतात, मग काँक्रीट ओततात. काँक्रीट कडक झालं की तारांची टोकं सोडतात. तारा आखडायला बघतात, काँक्रीट त्यांना धरून ठेवतं, आणि त्यामुळे अख्खा खांब कायम दाबाखाली राहतो. त्याची ताकद त्यातच आहे. तुमच्या ड्रिलखाली त्यातली एक तार तुटली तर बाहेरून काही दिसणार नाही. खांब उभाच राहील. पण वाऱ्याच्या बाजूची तार नेमकी तीच निघाली तर काय, याचा विचार करा. शिवाय भोकातून पाणी तारेपर्यंत जाणार ते वेगळंच.

खांब ओततानाच ठेवलेली भोकं असतात, ती खुशाल वापरा. पण ती बहुतेक वरच्या बाजूला, क्रॉस आर्मसाठी (तारा धरणाऱ्या आडव्या दांड्यासाठी) असतात. 3 मीटरवर मिळणं कठीण.

फ्यूजगेला

आधी सांगा, खांब कोणाचा? वीज वितरणवाल्यांचा असेल तर क्लॅम्प की पट्टी हा प्रश्नच नाही, विचारल्याशिवाय चिठ्ठीसुद्धा चिकटवता येत नाही.

मधलाफेज

@फ्यूजगेला, खांब आमचाच आहे, आवारातल्या दिव्यांचा. वर उघड्या तारा नाहीत, केबल जमिनीखालून येते.

@कप्पीवाला, भोक रद्द. बरं झालं विचारलं.

ताणतणाव

नट घट्ट आणि क्लॅम्प ढिला, हे कोडं वाटतं तितकं अवघड नाही. आधी थोडं गणित करू.

पेटी घर्षणावर लटकली आहे. पोलाद आणि काँक्रीट यांच्यातलं घर्षण 0.3 धरलं, तर 40 किलो पेलायला खांबाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर मिळून साधारण 133 किलोचा दाब लागतो. आता एम-12 चा साधा बोल्ट 30 न्यूटन-मीटरने कसला, म्हणजे हातभर पान्याने फारसा जोर न लावता, तर त्यात ताण येतो अंदाजे 12.5 किलोन्यूटन. म्हणजे सव्वा टन. एका बोल्टात! तुमच्याकडे असे चार बोल्ट आहेत.

गरज शे-दीडशे किलोची आणि हाताशी चार-पाच टन. तरीही पेटी घसरली, म्हणजे बोल्टातला ताण खांबापर्यंत पोचलाच नव्हता. तो मध्येच कुठेतरी जिरला.

तेव्हा एकच गोष्ट बघून सांगा: क्लॅम्पच्या दोन कानांमध्ये फट आहे का?

नटसम्राट_नव्हे

+1. मला वाटतं इथेच गोम आहे.

चिमटा

एवढं खोदकाम कशाला? सरळ स्टेनलेसची 20 मिमी रुंद, 0.7 मिमी जाड पट्टी घ्या. एरियल बंच केबलचे (खांबांवरून नेलेल्या, एकत्र पिळलेल्या वीजकेबलचे) हूक त्यावरच उभे असतात. खांब गोल असो, चौकोनी असो, निमुळता असो, पट्टी आपोआप मापाची होते. दोन वेढे मारायचे, बकल लावायचं, टेन्शनरने ओढायची, दुमडायची, कापायची, बकलचे कान हातोडीने पाडायचे. दहा मिनिटांत काम फत्ते. पट्टीचं कापलेलं टोक वस्तऱ्यासारखं असतं, तेवढे हातमोजे घाला.

ताणतणाव

@चिमटा, पट्टी चांगलीच आहे, मीही वापरते. पण 40 किलोच्या, खांबापासून पुढे आलेल्या पेटीसाठी दोनदा विचार करीन. कारणं सांगते.

एक, ओढलेला ताण पूर्ण वेढ्यात सारखा पसरत नाही. दोर खुंटीला गुंडाळला की खुंटी तो धरून ठेवते ना, तसंच इथे होतं. टेन्शनरपाशी 100 ताण असेल तर अर्धा वेढा पलीकडे, 0.3 घर्षण धरून, उरतो जेमतेम 39. ओढता ओढता पट्टीवर लाकडी हातोडीने टकटक करत गेलं की ताण थोडा पुढे सरकतो. ही टकटक बहुतेक जण करत नाहीत.

दोन, तापमान. 304 स्टेनलेस काँक्रीटपेक्षा जास्त प्रसरण पावतं, दर अंशाला लाखात 1.7 भाग, काँक्रीट साधारण 1.1. खांबाचा वेढा 600 मिमी आणि पहाटेपासून दुपारपर्यंत पट्टी 40 अंशांनी तापली, खांबही तितकाच तापला असं मानलं, तर पट्टी खांबापेक्षा जवळपास 0.14 मिमी जास्त वाढते. किती क्षुल्लक वाटतं! पण त्या पट्टीत सरासरी 2 किलोन्यूटन ताण असेल तर ती मुळात ताणलीच गेली आहे 0.44 मिमी. म्हणजे दुपारी एक तृतीयांश पकड गेली. एरियल केबलच्या हुकाला फरक पडत नाही, कारण केबल त्याला सतत ओढून धरते. आपली पेटी मात्र नुसती लटकलेली आहे.

तीन, पट्टी एकदा दुमडली की पुन्हा कसता येत नाही. कापा आणि नवी लावा.

चिमटा

चौकोनी खांबाला कोपऱ्यांवर ताण आणखी जातो ना पण? मी तर असंच ऐकलंय.

ताणतणाव

सगळेच असं म्हणतात. घर्षणाने खाल्लेला ताण हा पट्टी एकूण किती अंशांनी वळली त्यावर ठरतो. गोल खांबाला अर्धा वेढा 180 अंश, चौकोनी खांबाला दोन कोपरे मिळून 180 अंश. हिशेब तोच. फरक इतकाच की चौकोनी खांबावर सगळा दाब चार कडांवर येतो, मधल्या सपाट भागावर पट्टी नुसती टेकलेली असते. म्हणून बकल कडेवर येऊ द्यायचं नाही, सपाट बाजूवर घ्यायचं. कडेवर आलेलं बकल वाकतं.

कप्पीवाला

हे बरोबर आहे. बकल कोपऱ्यावर आलं की कान नीट पडतच नाहीत. हातोडी मारणारा मारतो, पण कान अर्धवट उभे राहतात.

प्रवासी_पाना

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मधलाफेज

मंडळी, तुम्ही लोक थोर आहात.

आज पुन्हा पुरवठा तोडून वर गेलो. मोबाइलचा टॉर्च लावून कानांमध्ये डोकावलो. फट नाही. शून्य. दोन्ही कान एकमेकांना घट्ट चिकटलेत, पत्र्याची पट्टीसुद्धा आत जात नाही. आणि क्लॅम्प नि खांब यांच्यामध्ये मात्र मागच्या बाजूने पोस्टकार्ड सहज सरकतं.

खाली उतरल्यावर माप घेतलं. फॅब्रिकेटरने माप घेतलं होतं छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.5 मीटरवर. शिडी लावायचा कंटाळा, दुसरं काय. पेटी बसली 3 मीटरवर. तेवढ्यात खांबाची खोली 12 मिमीने कमी झाली आहे. खालच्या मापाने क्लॅम्प बसला असता तर कानांमध्ये 10 मिमी फट राहणार होती. वर गेल्यावर ते 10 संपले आणि वर 2 मिमीचा खुळखुळा उरला.

फिटरने तो रबराने भरला! 3 मिमीची काळी रबरी पट्टी कोंबून कान एकमेकांना भिडेपर्यंत आवळलं. सहा महिन्यांत ऊन खाऊन रबर चपटलं, उठून आलंच नाही. मी खालून "अजून एक आटा मार" म्हणत होतो, आणि तो आटा कान कानावर आवळण्यात जात होता.

नटसम्राट_नव्हे

कान आवळले, पण खांबाचे नव्हेत. ह.घ्या. (हलके घ्या)

ताणतणाव

रबर दाबलं की थोडं कायमचं बसतं, उष्णतेत आणखी लवकर. 3 मिमीच्या रबरावर दाब होता फक्त 1 मिमीचा, तो निघून जायला सहा महिने पुष्कळ झाले. काँक्रीटच्या खांबाला रबर लागतच नाही. लावायचंच असेल तर रंगवलेल्या नळीच्या खांबावर रंग वाचवायला लावा, तेही पातळ, आणि क्लॅम्पची फट रबराच्या भरवशावर न सोडता.

दोन तुकड्यांच्या कोणत्याही क्लॅम्पला, गोल असो की चौकोनी, पूर्ण कसल्यावर कानांमध्ये प्रकाश दिसलाच पाहिजे. खालून दुर्बिणीने तपासता येण्यासारखी तपासणी आहे ही.

फ्यूजगेला

मग उपाय? हाच क्लॅम्प कापून लहान करायचा?

कप्पीवाला

निमुळत्या खांबाला घडवलेला क्लॅम्प बनवण्यापेक्षा सरळ दोन पट्ट्या आणि दोन लांब स्टड (डोकं नसलेले, आट्यांचे दांडे) वापरा. पुढे पेटीची आडवी पट्टी, मागे दुसरी, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण आट्यांचे स्टड. खांब 150 चा असो की 200 चा, नट फिरवत जायचं. कानच नाहीत तर कानाला कान भिडणार कुठून. आम्ही याला मागची पट्टी म्हणून बॅक क्लॅम्पच म्हणतो.

एकच पथ्य. मागची पट्टी 5-6 मिमीची घेऊ नका, धनुष्यासारखी वाकते. नट कसले जातायत असं वाटतं पण तुम्ही फक्त पट्टी वाकवत असता. 50 बाय 50 चा अँगल किंवा लहान चॅनल घ्या.

आणि वरचा-खालचा क्लॅम्प लांब लांब ठेवा. 250 मिमी फार जवळ आहेत.

ताणतणाव

अंतराबद्दल पूर्ण सहमत. पेटीचा गुरुत्वमध्य खांबापासून 200 मिमी पुढे असेल, तर ती 40 गुणिले 0.2 म्हणजे 8 किलो-मीटरने पुढे पडायला बघते. 250 मिमीवर क्लॅम्प असतील तर वरचा क्लॅम्प 32 किलोने बाहेर ओढला जातो. 500 वर नेलात तर 16. फुकटात अर्धं झालं.

वाराही धरा. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायला सोपं सूत्र म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. 40 मीटर प्रति सेकंदाच्या वादळात 960 येतो. 600 बाय 800 च्या दारावर तो 460 न्यूटन होतो, म्हणजे 47 किलो. आकाराचा गुणांक अजून लावलेलाच नाही, तरी पेटीच्या वजनापेक्षा जास्त! वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. म्हणून वजन पेललं की काम झालं असं समजू नका.

गंजखाऊ

धागा वाचत होतो, राहवलं नाही. माझा विषय निघायच्या आधीच लिहितो.

नवे स्टड आणि अँगल हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड घ्या. बाजारात चकचकीत, निळसर-पिवळी झाक असलेले नट-बोल्ट मिळतात, ते विजेने मुलामा दिलेले असतात. त्यावर जस्ताचा थर सहसा 5 ते 12 मायक्रॉन. 450 अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या 6 मिमीच्या वरच्या पोलादावर, आयएसओ 1461 प्रमाणे सरासरी 85 मायक्रॉन असायला हवा. उघड्यावर जस्त दरवर्षी थोडं थोडं झिजतं, तेव्हा थराची जाडी म्हणजेच आयुष्य. ओळखायला सोपं: हॉट-डिप मळकट राखाडी, किंचित खरखरीत, कधी स्फटिकांची नक्षी दिसते.

दोन खुब्या. बुडवल्यावर बोल्टाच्या आट्यांवर थर चढतो, म्हणून नट मोठ्या मापाने आटे पाडलेला लागतो. साधा नट बसला नाही की लोक बोल्टावर डाय फिरवतात आणि सगळं जस्त खरवडून टाकतात. तसं करू नका. आणि अँगलला भोकं बुडवण्याआधी पाडून घ्या. नंतर पाडलंच तर जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंग भोकाच्या आतून लावा.

चिमटा

मग सगळंच स्टेनलेस का नको?

गंजखाऊ

चालतं, पण जोडी बघा. स्टेनलेस आणि जस्त ओलाव्यात एकत्र आले की जस्त झिजतं. मोठ्या गॅल्व्हनाइज्ड अँगलवर लहानसा स्टेनलेस बोल्ट असेल तर झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते, फार बिघडत नाही. उलटं केलं, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पाट्यावर गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, तर तो बिचारा एकटा सगळ्यांच्या वाटचं भोगतो. समुद्राकाठी 304 वर तांबूस डाग पडतात, तिथे 316 जातीचं स्टेनलेस.

आणखी एक: अर्थिंगची उघडी तांब्याची तार अँगलच्या वरून नेऊ नका. तांब्यावरून ठिबकलेलं पाणी जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं. खालून न्या.

मधलाफेज

अर्थिंगवरून आठवलं. पेटीची अर्थ वायर आत आहे, पण बाहेरचा अँगल नि स्टड वेगळे अर्थ करावे लागतील का?

फ्यूजगेला

पेटी आणि अँगल यांच्यात रंग येतो, त्यावर विसंबू नका. एक जोडवायर टाका. लगखालचा (वायरच्या टोकाच्या कडीखालचा) रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस. आणि अँगलला पेटी जोडताना आतून पाठीला नवी भोकं पाडू नका. गॅस्केटच्या आत पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याचा दरवाजा, मग पेटीवर आयपी 55 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असो की आणखी काही. पेटी आणि खांब यांच्यात बोटभर फट ठेवा, पाणी साचत नाही. केबल ग्लँडमध्ये खालून शिरू दे आणि शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, थेंब तिथूनच गळतात.

सागवान

मी इथे एकटाच लाकडी खांबवाला दिसतोय. आमच्याकडे आरपार बोल्टच चालतो, नियम उलटे. लाकूड वाळतं, आकसतं आणि पहिल्या वर्षी बोल्ट हमखास ढिला होतो. खांबाच्या गोलाईला बसणारा वक्र चौकोनी वॉशर घालतात, म्हणजे नट लाकडात घुसत नाही. भोक खांबाला औषध मुरवायच्या आधी पाडलेलं असलं तर उत्तम, नंतर पाडलं तर आतून औषध लावायचं, नाहीतर बुरशी थेट गाभ्यात. आणि दोन वेढ्यांचा जाड स्प्रिंग वॉशर. लाकूड आकसलं तरी तो मागोमाग पसरतो.

नटसम्राट_नव्हे

स्प्रिंग वॉशर आमच्या खांबालाही हवा ना? हे दिवे कंपतात.

ताणतणाव

हा वाद जुना आहे. लाकडावर सागवान म्हणतात ते बरोबर, तिथे खरोखर मिलिमीटरने जागा भरून काढायची असते. पोलादावर पोलाद असताना नेहमीचा एका वेढ्याचा स्प्रिंग वॉशर बोल्टाच्या ताणाच्या लहानशा भागातच सपाट होतो. त्यानंतर तो फक्त वॉशर. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर यांनी दाखवून दिलं की बोल्ट मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी सुटतात, सांधा बाजूला घसरला की नट आपणहून फिरतो. तेव्हा घसरू न देणं, म्हणजे पुरेसा ताण, हाच खरा उपाय. वर जास्तीचा लॉक नट लावा. आत नायलॉनची कडी असलेला नटही चालेल, फक्त काढला की पुन्हा वापरू नका.

ट्रान्सफॉर्मर असता तर गोष्ट वेगळी. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो 100 हर्ट्झने गुणगुणत असतो, दिवसरात्र. तो अशा क्लॅम्पवर लटकवतही नाहीत, मोठे असतील तर दोन खांबांवर आडवे चॅनल टाकून बसवतात. त्याचा वेगळा धागा काढा कोणीतरी.

कप्पीवाला

काढतो कधीतरी. मांडी घालून लिहावं लागेल.

अर्धाव्होल्ट

वाखु (वाचनखूण) साठवली. माझा खांब नळीचा आहे, गोल, 3 मिमी जाडीचा. यू-बोल्ट चालेल?

कप्पीवाला

चालेल, पण पातळ नळी चेपते. खाली नळीच्या गोलाईची खोबण असलेला सॅडल घ्या, आणि पान्याचा दांडा लांब करू नका. रंगाला भेग पडलेली दिसली की थांबा, तिथून नळी लंबगोल व्हायला लागली. चौकोनी सिमेंटच्या खांबाला यू-बोल्ट नकोच, कडांवर टेकतो आणि कडा फुटतात.

मधलाफेज

शेवटचा अपडेट.

जुना फॅब्रिकेटर म्हणाला, "माप बरोबरच होतं." होतं खरं, चुकीच्या उंचीवर. वाद न घालता दुसऱ्याकडून 50 चे अँगल, एम-12 चे पूर्ण आट्यांचे स्टड आणि त्यांच्या जोडीचे नट हॉट-डिप करून आणले. या वेळी शिडीवर स्वतः चढून दोन्ही ठिकाणची मापं घेतली. वरचा क्लॅम्प आणि खालचा क्लॅम्प यांच्यात आता 480 मिमी आहे, तेवढ्यातही खांबात 4 मिमीचा फरक निघाला.

पुरवठा बंद, पेटी दोरावर धरून सगळं उतरवलं, नवीन चढवलं. रबर नाही. टॉर्क पान्याने 30 वर कसलं. मजा म्हणजे मागचा अँगल खांबाला टेकल्यावर नटाचा आवाजच बदलतो, आधी खुळखुळ आणि मग एकदम बद्द. जुन्या क्लॅम्पला हा बद्द कधी आलाच नव्हता, आता लक्षात येतंय.

नटापासून अँगलपर्यंत आणि अँगलपासून खांबापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे. नट फिरला किंवा अँगल सरकला तर रेघ तुटलेली खालूनच दिसेल.

गंजखाऊ

रेघ ऑइल पेंटने मारली ना? मार्कर उन्हात वर्षभरही टिकत नाही.

मधलाफेज

मार्करनेच मारली. उद्या पुन्हा शिडी.